आमची माडांची वाडी आणि घाण्यावरचे तेल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळेत असताना पंधरा ऑगस्टला दोन वाक्ये पाठ करून उभी राहिले होते, त्यातले दुसरे वाक्य ऐन वेळी विसरले. सातवीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे ते वाक्य पुरे करण्याची संधी काही आली नाही. म्हणून अध्यक्षबाईंनी "या वेळी तुम्ही बोला" म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी सरळ नाही म्हणून सांगितले. त्या घरी आल्या. मी अंगणात खोबरे वाळत घालत होते. त्या म्हणाल्या, "हेच सांगा. रोज जे करता तेच सांगा." आता रोज जे करते ते मला येत नाही असे कसे म्हणणार? म्हणून आज उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आपणांपैकी बहुतेकींच्या परसात दोन-चार तरी माड आहेत. तेव्हा माड म्हणजे काय हे तुम्हांला सांगणे म्हणजे समुद्राला मीठ दाखवण्यासारखे आहे. परंतु नव्या सुना आहेत, मुंबईहून सुटीला आलेल्या मुली आहेत. त्यांना नारळ बाजारातल्या टोपलीत दिसतो आणि तेल दुकानातल्या बाटलीत. मधले सगळे त्यांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. मी मूळची घाटावरची, गडहिंग्लजकडची. आमच्याकडे शेंगतेल. खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचे, एवढीच माझी अक्कल. लग्न होऊन वेंगुर्ले तालुक्यात आले आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी खोबरेलात मासे तळले. त्या वासाने मला अन्न गेले नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आठ दिवस माझ्यापुरती भाजी निराळ्या तेलात केली. नवव्या दिवशी मीच म्हटले, "आई, मलाही तेच वाढा." तेव्हापासून त्यांचे-माझे जमले. त्या आज इथे पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून मी त्यांच्याविषयी जपून बोलणार आहे.

आमची वाडी २४ गुंठ्यांची. सासऱ्यांनी तीत ४२ माड लावले होते, दोन माडांत २५ फुटांचे अंतर राखून. त्यांच्या वेळी लोक हसत, म्हणत, एवढ्या जागेत आणखी वीस बसतील. परंतु माडाला डोक्यावर ऊन हवे. दाटी केली की ते उन्हासाठी नुसते उंच वाढतात आणि धरत नाहीत. माणसांचेही थोडेफार तसेच असावे.

माडाचा संसार बारमाही. महिन्याला साधारण एक झावळ नवी येते आणि तिच्या बगलेतून एक पोय. पोय फुटल्यापासून नारळ पुरा पिकायला बारा महिने जातात. त्यामुळे एकाच माडावर फुलोरा, बोंडे, शहाळी आणि पिके नारळ असे सगळे एकाच वेळी नांदत असते. आजी, सून, नात आणि पाळण्यातले मूल एका घरात असावे तसे. आपली बाणवली जात नीट राखली तर एक माड वर्षाला ८० ते १०० नारळ देतो. आमचे तेवढे देत नाहीत, सरासरी ७० धरा. भाट्याला १९५५ सालापासून नारळाचे संशोधन केंद्र आहे. तिथून १९८७ साली 'प्रताप' नावाची जात निघाली. तीही चांगली धरते असे लावणारे सांगतात.

आता वर्षाचे चक्र सांगते. आमचे वर्ष मृगापासून सुरू होते. मृगाच्या आधी माडाच्या बुंध्याभोवतीची आळी मोकळी करायची, दर माडाला पाच घमेली शेणखत आणि चुलीतली राख घालायची. नवीन रोप लावायचे तर तेही याच वेळी. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचा. पाऊस लागला की खोड निसरडे होते, मग पाडणी थांबते. नारळ आपणहून पडतात. रात्री पावसात धप्प आवाज आला की सासूबाई अंथरुणातूनच सांगतात, विहिरीकडचा पडला की गोठ्याकडचा. सकाळी जाऊन पाहावे तर तिथेच असतो.

पावसाळा भुंग्याचाही. हा गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो आणि माडाचा कोवळा शेंडा पोखरतो. नवी झावळ कात्रीने कापलेल्या पंख्यासारखी दिसली की समजावे, भुंगा आत बसला आहे. तारेच्या आकड्याने त्याला ओढून काढायचा आणि झावळांच्या बगलेत वाळू व निंबोळी पेंड भरायची. दुसरा सोंड्या भुंगा, तो याहून वाईट. बुंध्यातून तांबूस चिकट पाणी गळू लागले आणि कान लावल्यावर आतून कुरकुर ऐकू आली की तो माड वाचवणे फार अवघड. भुंग्यांच्या जोडीला अलीकडे माकडे. ती कोवळी शहाळी पाडतात, अर्धी खातात, अर्धी टाकतात. त्यांच्यावर मला उपाय सापडलेला नाही. कुणाला सापडला असेल तर आज सभा संपल्यावर अवश्य सांगावा.

श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो आणि मग गणपती. या महिन्या-दीड महिन्यात नारळाला गिऱ्हाईक असते. मोदक, पूजा, तोरणे. आम्ही तेव्हा नारळच विकतो, तेल काढत नाही. दसऱ्यानंतर पाऊस पुरता गेला की आळी पुन्हा बांधायची आणि पाणी सुरू करायचे. मोठ्या माडाला दिवसाला तीन-चार घागरी तरी लागतात. पूर्वी सासूबाई लाटेने विहिरीचे पाणी काढीत, आता पंप आहे. परंतु पंपाला वीज लागते आणि लाटेला लागत नव्हती, हे त्या वीज गेली की आठवणीने सांगतात.

थंडी सरली की पाडणी जोरात. आम्ही वर्षातून पाच वेळा पाडतो. पाडेकरी मिळणे आता कठीण झाले आहे, मुले मुंबई-गोव्याला जातात. २०११ सालापासून नारळ विकास मंडळाने माडावर चढण्याचे यंत्र शिकवायला सुरुवात केली. पायात अडकवून एकेक पाऊल वर सरकायचे. कितीतरी बायकाही ते शिकल्या. मी ते वापरून बारा फूट चढले आणि खाली पाहिले. तेवढेच माझे शिक्षण. चढायचे काम यजमान करतात, मी खाली उभी राहून नारळ मोजते.

फाल्गुन, चैत्र, वैशाख हे तीन महिने खोबऱ्याचे आणि तेलाचे. परंतु आमच्या घरी विकण्यासाठी तेल काढण्याची पद्धत नव्हती. घरापुरते काढत. ते विकायचे कसे झाले, हे सांगण्यासाठी मला २०२१ सालाकडे जावे लागेल.

तौक्ते वादळ तुम्हां सगळ्यांना आठवत असेल. १६ मे २०२१. करोनामुळे आधीच सगळे बंद, यजमानांची रिक्षा वर्षभर दारात उभी. आदल्या रात्रीपासून वारा असा होता की दाराला आतून पाटा-वरवंटा लावला होता. पहाटे पहिला माड पडला. त्याचा आवाज मी कधी विसरणार नाही. नारळ पडण्यासारखा तो नसतो. आधी कण्हल्यासारखे होते आणि मग जमीन हादरते. आम्ही सगळी स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात बसलो होतो आणि सासूबाई मोजत होत्या. एक, दोन, तीन... उजाडले तेव्हा नऊ माड आडवे झाले होते. एक गोठ्यावर पडला. गाय दोरी तोडून आधीच बाहेर गेली होती म्हणून वाचली.

पडलेल्या माडाच्या शेंड्यातला पांढरा गाभा खायला फार गोड असतो. माड मेल्याशिवाय तो मिळत नाही. त्या दिवशी मुलांनी तो खाल्ला. सासूबाईंनी तोंडात घातला नाही.

नऊ माडांवरचे आणि बाकीच्यांवरून गळालेले पिके नारळ गोळा केले, ते सहाशेच्या वर भरले. बाजार बंद, गाड्या बंद, घ्यायला कोणी नाही. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलेला. सासूबाई म्हणाल्या, "खोबरां करूया." अंगणभर वाट्या पसरल्या. वळीव आला की घरात, ऊन पडले की बाहेर. जे वाळले नाही ते चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवले. त्या तेलाला धुराचा वास होता, तरी आपणांपैकी कितीतरी जणींनी ते घेतले. त्या वेळी मला वाटले, तेल चांगले म्हणून घेतले. आता कळते, आमची अवस्था पाहून घेतले. त्या उपकाराची आठवण आज या सभेत सांगणे मला जरूर वाटले.

त्याच जूनमध्ये सासूबाईंनी नऊ खड्ड्यांत नऊ रोपे लावली. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तर. बाणवलीचा माड धरायला सहा-सात वर्षे लागतात. मी म्हटले, "आई, आता कशाला त्रास घेता?" त्या म्हणाल्या, "माका नारळ गावलो नाय तरी नातवाका गावतलो." आणि माझ्या हातात कुदळ दिली.

आता तेल कसे करतो ते सांगते.

तेलाला नारळ पुरा पिकलेला हवा, आणि पाडल्यावरही महिनाभर तरी सावलीत ढीग करून ठेवायचा. आतले पाणी कमी होते आणि खोबरे घट्ट होते. मग जमिनीत उभ्या रोवलेल्या टोकदार पहारीवर सोडण काढायचे. कोयत्याच्या एका घावात दोन वाट्या करायच्या, पाणी निथळू द्यायचे आणि तोंड वर करून उन्हात मांडायच्या. दोन दिवसांनी खोबरे करवंटीपासून सुटते. ते काढून पुन्हा पाच-सहा दिवस कडक ऊन द्यायचे. रोज संध्याकाळी दव पडण्याआधी आत घ्यायचे. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते शंभरात सहा भागांपर्यंत खाली आले पाहिजे. आमच्या घरी मोजण्याचे यंत्र नाही, परंतु सासूबाईंचे एक वाक्य आहे: "जां काटकन मोडता तां खोबरां. वाकता तो अजून नारळच." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

बुरशी आलेले खोबरे निवडून बाजूला काढायचे. पिवळट-हिरवी बुरशी तर विषारी असू शकते. ते खोबरे धुऊन-पुसून वापरू नये, गुरांनाही घालू नये. मग खोबऱ्याचे तुकडे करून घाण्यावर न्यायचे. पूर्वी गावात बैलाचा घाणा होता असे सासूबाई सांगतात. आता १२ किलोमीटरवर विजेवर चालणारा लाकडी घाणा आहे, तिथे मी खोबरे घेऊन जाते आणि तेल निघेपर्यंत तिथेच बसते. लाकडी घाणा सावकाश फिरतो, म्हणून तेल फार तापत नाही आणि नारळाचा वास राहतो. शंभर नारळांचे साधारण १४-१५ किलो खोबरे होते. दहा किलो खोबऱ्याचे सहा किलोच्या आसपास तेल. म्हणजे एका लिटरमागे दहा-अकरा नारळ झाले. सोलणे, फोडणे, वाळवणे, नेणे, घाण्याची मजुरी निराळी. दुकानात कोणी फार स्वस्त 'शुद्ध घाण्याचे' तेल देऊ लागला तर हा हिशेब मनात करून पाहावा.

घरी आणल्यावर तेल लगेच बाटलीत भरत नाही. स्टीलच्या पिंपात चार दिवस स्थिर ठेवते. गाळ खाली बसतो. वरचे तेल हलक्या हाताने काढून दुहेरी फडक्यातून गाळते. मग एक दिवस ऊन. बाटल्या अगदी कोरड्या हव्यात. पाण्याचा एक थेंब राहिला तर सगळी मेहनत फुकट. पेंड गाईला, सोडणे चुलीला, करवंट्यांच्या डवल्या, झावळांचे झाप, हिरांच्या केरसुण्या. माडाचे टाकायचे असे काही नसते.

आणखी एक तेल आहे, ते घाण्याशिवायचे. ओला नारळ किसून, वाटून, रस पिळायचा आणि मंद विस्तवावर आटवत राहायचा. शेवटी तळाशी तपकिरी चोथा राहतो आणि वर स्वच्छ तेल येते. याला नारळ बरेच जास्त लागतात आणि जागेवरून उठता येत नाही. आमच्याकडे बाळंतीण असली की बाळाच्या अंगाला लावायला हे तेल करतात.

तेलाविषयी एक गैरसमज घालवते. थंडीत थिजले म्हणजे शुद्ध, असे आपण समजतो. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते हे खरे. माझ्या माहेरी पाठवलेली बाटली पौषात दगडासारखी होते. परंतु पामच्या बियांचे तेलही थिजते, त्यामुळे भेसळ केलेलेही थिजू शकते. ओळखीच्या ठिकाणाहून घेणे आणि नाकाने पारखणे हाच उपाय. आणि खोबरेल खाण्याचे की केसांचे, यावरून कर किती घ्यायचा असा वाद चालला होता. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. लहान बाटलीत असले म्हणून ते केसांचे तेल ठरत नाही, असा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला. मी सासूबाईंना ही बातमी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "माका इचारल्यानी असता तर तेव्हाच सांगलंय असतंय." तरी एक सांगते, खायचे म्हणून वाटीने ओतू नये. या तेलात घट्ट होणारी चरबी फार असते. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून बेताने वापरावे. मी विकते म्हणून खोटे सांगणार नाही.

खोटे सांगणार नाही असे म्हटले, तर आता ती गोष्ट सांगितलीच पाहिजे.

२०२२ आणि २०२३ च्या उन्हाळ्यात तेल चांगले झाले. आपल्या मंडळातून नाव झाले. मी अन्नपदार्थ विकण्याची नोंदणी करून घेतली, बाटलीवर चिठ्ठी लावू लागले. २०२३ च्या दिवाळीला आपल्या मंडळाने अभ्यंगासाठी माझ्याकडे अर्ध्या लिटरच्या ६० बाटल्या सांगितल्या. एका बाटलीचे १८० रुपये, म्हणजे दहा हजार आठशे रुपये एकदम. मी हरखून गेले. वाळवणाचे चांगले जाळीचे ताट घ्यायचे मनात होते, त्याचे पैसे निघणार होते. खरे तर दिवाळीआधी खोबरे करण्याचा काळ नव्हे, हे मला ठाऊक होते. उन्हाळ्यातले तेल संपले होते. तरी मी हो म्हटले.

खोबरे पसरले आणि परतीचा पाऊस आला. दोन दिवस ऊन, एक दिवस झड. दिवाळी जवळ येऊ लागली. सासूबाईंनी एक वाटी उचलून मोडून पाहिली. ती वाकली. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, काही बोलल्या नाहीत. मी म्हटले, "आई, वरून वाळले आहे, घाण्यात चालून जाईल. लोकांना शब्द दिला आहे." आणि घाण्यावर नेले. तेल निघाले, दिसायला बरे होते. चार दिवस निथळायलाही ठेवले नाही, दुसऱ्याच दिवशी भरले. वसुबारसेला सगळ्या बाटल्या घरोघर पोचल्या.

दिवाळी पार पडली. तुळशीच्या लग्नानंतर मी एका मैत्रिणीकडे हळदीला गेले होते. तिच्या देवघरात समई होती आणि बाजूला आमची बाटली, अर्धी रिकामी. मी म्हटले, "अगो, एवढे महाग तेल समईत घालतेस?" ती हसली आणि म्हणाली, "देवाला चांगलेच घालावे." मी बाटली उचलून वास घेतला. खवट. तळाशी पाण्याचा ढगळ थर. तिने मला बोलून दाखवले नाही, टाकूनही दिले नाही, समईत जाळत होती. त्या वेळी मला जे वाटले ते सांगता येत नाही. ती मला चार शब्द बोलली असती तर बरे वाटले असते.

घरी येऊन मी चुलीपाशी बसून राहिले. यजमान म्हणाले, "कोणी तक्रार केली नाही ना? मग गप्प राहा. पुढच्या वेळी चांगले दे." त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते, आणि माझ्या मनालाही तेच हवे होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "लोकांनी सांगच्या आधी आपण सांगलेला बरा. उद्या सकाळी जा."

दुसऱ्या दिवसापासून मी ३८ घरे फिरले. तीन दिवस लागले. प्रत्येक दारात तेच बोलायचे: "तेल खराब निघाले, चूक माझी आहे, खोबरे ओले होते, पैसे परत घ्या." पहिल्या घरी आवाज फुटेना. दहाव्या घरापर्यंत सवय झाली. विसाव्या घरी रडू आले. काही जणींनी बाटली उघडलीच नव्हती, त्यांना काही ठाऊकच नव्हते. कोणी म्हणाले, "आमचे ठीक आहे की." मी वास घ्यायला लावला. २१ घरांनी पैसे घेतले. ते मी ताटासाठी ठेवलेल्यातून आणि थोडे हातउसने करून दिले. १७ घरे म्हणाली, पैसे नकोत, पुढचे चांगले तेल द्या. त्यांची नावे मी वहीत लिहिली आणि २०२४ च्या चैत्रात पहिल्या घाण्याचे तेल त्यांच्याकडे पोचवले. एका आजींनी मात्र बाटलीही परत दिली नाही आणि पैसेही घेतले नाहीत. म्हणाल्या, "राहू दे, दाराच्या बिजागऱ्या करकरतात, त्यांना होईल." त्यांनाही चैत्रात बाटली दिली.

मला वाटले होते, आता माझे तेल कोणी घेणार नाही. झाले उलट. ज्या घरांनी कधी घेतले नव्हते त्यांनीही विचारले. परंतु मी त्यानंतर एक नियम केला. फाल्गुन ते वैशाख जेवढे खोबरे काटकन मोडेल तेवढेच तेल. ते संपले की संपले. दिवाळीला कोणी मागितले आणि माझ्याकडे नसले तर नाही म्हणून सांगते. २०२५ साली खोबऱ्याचे भाव कधी नव्हते एवढे चढले, व्यापारी दारात येऊन ओलेसुके कसेही मागत होते. तेव्हाही सासूबाईंचे वाक्य कामी आले. नाही म्हणायला मला त्या ६० बाटल्यांनी शिकवले. शाळेत शिकवले असते तर स्वस्तात पडले असते.

आता शेवटचे. आमची वाडी रस्त्याला लागून आहे. वादळानंतर दुसऱ्या वर्षी एक माणूस आला, पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या म्हणून जागा मागू लागला. त्याने सांगितलेली रक्कम आमच्या माडांनी शंभर वर्षांत दिली नसती. यजमानांचे मन झाले, दिरांचे मुंबईहून फोन आले. त्यांची काही चूक नाही. मुलीचे शिक्षण आहे, मुलाची नोकरी नाही, माझ्या साठ-सत्तर लिटर तेलाने घर चालत नाही, हातभार लागतो एवढेच. मी वाडी विकू नका म्हणून हट्ट धरला असेही नाही. माझेही मन दोन्हीकडे होते. सासूबाईंनी एवढेच विचारले, "त्या नऊ खड्ड्यांचा काय करतलास?" कोणी उत्तर दिले नाही. तो विषय दर गणपतीला निघतो आणि आरतीनंतर मिटतो. पुढे काय होईल मला सांगता येणार नाही.

नऊ रोपांपैकी दोन भुंग्याने खाल्ली, सात आहेत. त्यांच्या बुंध्याला आता खोड दिसू लागले आहे. अजून एकालाही पोय आलेली नाही. सासूबाई रोज सकाळी काठी टेकत जाऊन सातही माडांच्या शेंड्यांकडे बघून येतात. मी विचारत नाही, त्याही सांगत नाहीत. परंतु ज्या दिवशी पहिली पोय दिसेल त्या दिवशी त्यांची हाक आपणां सर्वांना आपापल्या घरात ऐकू येईल, याची मला खात्री आहे.

भगिनींनो, माझ्यापाशी सांगण्यासारखे एवढेच होते. चैत्रात आमच्या अंगणात खोबरे वाळत असेल. ज्या मुलींना पाहायचे असेल त्यांनी यावे. वाटी हातात देईन. मोडून बघा, काटकन आवाज आला तरच बाटली मागा.  या वेळी एकही वाक्य विसरले नाही, हे माझ्या शाळेच्या बाईंना कळायला हवे होते.